शत्रूच्या तोफेचा माग

जबलपूरमध्ये तोफांचे गाडे १९०४ पासून बनताहेत. आज तिथल्याच गन कॅरेज फॅक्टरीतून १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ बाहेर पडते. तिचा गोळा सुमारे ३८ किलोमीटर जातो. एवढ्या लांबून, डोंगराआडून मारा झाला तर मारणारी तोफ हुडकायची कशी? तोफखान्याच्या रडारचं कूळ या प्रश्नात आहे.

पहिलं उत्तर कानाने दिलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने लॉरेन्स ब्रॅग या पंचविशीतल्या शास्त्रज्ञाला या कामावर नेमलं. १९१५ चं नोबेल त्याला त्याच सुमारास मिळालं. ओळीने मायक्रोफोन मांडायचे, तोफेचा आवाज कोणाकडे किती उशिरा पोचला ते मोजायचं आणि त्या फरकावरून जागा काढायची. पण साध्या मायक्रोफोनना तोफेचा खर्जातला दणका नीट पकडता येईना. ब्रॅगच्या तुकडीतल्या विल्यम टकरने तोड काढली. पेटीला भोक पाडून त्यावर तापलेली बारीक प्लॅटिनमची तार ताणली. दणका आला की भोकातून हवेचा झोत जाई, तार क्षणभर निवे आणि तिच्यातली वीज बदले. १९१६ मध्ये ही युक्ती कामाला लागली.

दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधणाऱ्या रडारवर उखळी तोफांचे गोळेही दिसू लागले आणि नवी वाट उघडली. हे रडार तोफ पाहतच नाही, गोळा पाहतं. क्षितिजालगत किरणांचं कुंपण घालून बसायचं. गोळा ते ओलांडून वर चढला की काही क्षण त्याचा पाठलाग करायचा. तेवढ्या वाटेवरून गणित मागे नेलं की तोफेची जागा मिळते, पुढे नेलं की गोळा कुठे पडेल तेही कळतं.

१९९९ मध्ये कारगिलला पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीची अशी रडार होती. आपल्याकडची सिंबेलीन रडार मुळात उखळी तोफा हुडकण्यासाठीची. डोंगराआडून येणाऱ्या गोळ्यांनी आपले जवान गेले, आणि ते साधन वेळेत हाती नव्हतं याची हळहळ आजही वाटते. मग अमेरिकेकडून बारा रडार घेतली गेली. त्याबरोबर बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत, आकाश क्षेपणास्त्राच्या राजेंद्र रडारच्या अनुभवावर, ‘स्वाती’ घडलं. मार्च २०१७ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी ते लष्कराच्या हवाली केलं. २०२० मध्ये आर्मेनियानेही ते मागवलं.

स्वाती तोफेचा माग सुमारे ३० किलोमीटरपर्यंत काढतं. धनुषच्या तोडीची तोफ शत्रूने ३८ किलोमीटरवर उभी केली तर ती स्वातीच्या टप्प्याबाहेर राहते. म्हणून ट्रकवरचं हे रडार आघाडीच्या जवळ न्यावं लागतं. शिवाय किरण सोडले की शत्रूलाही त्याचा ठाव लागू शकतो, त्यामुळे काम उरकताच तिथून हलावं लागतं.