पिंपरीचं पेनिसिलीन आणि घरातलं मांजर

घरात कुणाला कापलं-खरचटलं की आपला हात आपसूक मलमाच्या ट्यूबकडे जातो. हल्ली मांजराला जखम झाली तरी तीच ट्यूब निघते. ती आली कुठून आणि मांजराला चालते का, हे आज पाहू.

प्रतिजैविकांशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. १९५५ पासून तिथं पेनिसिलीन बनू लागलं. या औषधानं किती जीव वाचवले! पण इंजेक्शनआधी थोडंसं टोचून बघायची पद्धतही त्याच्यामुळेच घरोघरी माहीत झाली. अनेकांना तारणारं औषध एखाद्याला सोसत नाही, हे आपल्या आई-आजीला तेव्हाच कळलं होतं.

आपल्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं असतात. त्यातलं बॅसिट्रॅसिन १९४३ मध्ये न्यूयॉर्कला बाल्बिना जॉन्सन यांना मिळालं, ते ट्रेसी आडनावाच्या एका लहान मुलीच्या जखमेतल्या जिवाणूपासून. औषधाच्या नावात तिचं आडनाव आहे. पॉलिमिक्सिन १९४७चं आणि निओमायसिन १९४९चं. ही दोन्ही जिवाणूंचीच देणगी. तिघांचं मिळून मलम झालं ते माणसाच्या कातडीसाठी.

माणूस जखम चाटत नाही, मांजर चाटतं. कातडीवरचं मलम थेट पोटात जातं. शिवाय काही मांजरांना अशा औषधांची तीव्र ॲलर्जी येते. डोळ्यात प्रतिजैविक घातल्यावर चार तासांच्या आत अशी ॲलर्जी आलेल्या ६१ मांजरांच्या नोंदी २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात हे तिहेरी औषधही होतं. काही मांजरं दगावली. असं क्वचितच घडतं, पण कुणाच्या मांजराला होईल ते आधी सांगता येत नाही. वेदना कमी करणाऱ्या मलमातलं बेंझोकेन तर मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच कमी करतं. स्टिरॉइडच्या मलमानं जखम भरायला वेळ लागतो.

मग काय करायचं? जखम स्वच्छ कोमट पाण्यानं धुवा आणि मऊ कापडानं टिपा. दुसऱ्या मांजराचा दात लागला असेल तर वरून छिद्र बारीक दिसतं, पण आत पू होतो. अशा वेळी लगेच पशुवैद्याकडे न्या. डोळ्यात तर घरातलं कुठलंच औषध घालू नका. मलम लावून झालंच असेल तर पुसून काढा आणि मांजराला चाटू देऊ नका. तोंड सुजलं, ते धापा टाकू लागलं किंवा गळून पडलं, तर ट्यूब सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

पशुवैद्यही कधी यातलंच एखादं औषध देतात, पण ते मांजर तपासून आणि मात्रा ठरवून. ते काम आपण अंदाजानं करू नये, एवढंच आमचं सांगणं.