आकाशातून पुलाची नाडी

आज बोलूया पुलांबद्दल. म्हणजे, शेकडो किलोमीटर वरून जाणाऱ्या उपग्रहाला पुलाचं मिलिमीटरभर हलणं कसं काय दिसायला लागलं, त्याबद्दल.

गोष्ट सुरू होते 1978 मध्ये. नासाचा सीसॅट हा उपग्रह समुद्र बघायला गेला आणि साडेतीन महिन्यांतच बंद पडला. पण त्याचा रडार डेटा टेपवर शिल्लक होता. 1989 मध्ये गॅब्रिएल, गोल्डस्टीन आणि झेब्कर या तिघांनी त्यातून कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतली शेतं तपासली. पाणी दिलेली शेतं फुगून किंचित वर आलेली त्यांना चक्क दिसली! मला तर हा किस्सा भारी आवडतो. बंद पडलेल्या यंत्राचा जुना डेटा, आणि त्यातून एक नवं शास्त्र.

युक्ती अशी. रडारची लहर जमिनीवर आपटून परत येते. दोन वेगळ्या दिवशी, जवळपास त्याच जागेवरून फोटो घेतला आणि मधल्या काळात जमीन सरकली असेल, तर परतणाऱ्या लहरीचा टप्पा, म्हणजे फेज, बदलते. युरोपच्या सेंटिनेल-1 ची लहर साधारण 5.6 सेंटिमीटरची. जाऊन-येऊन अंतर मोजलं जातं, म्हणून 2.8 सेंटिमीटर सरकलं की फेजचा एक पूर्ण फेरा होतो. अशा फेऱ्याचा छोटासा अंश मोजता आला की आपण मिलिमीटरमध्ये आलो.

1992 च्या लँडर्स भूकंपाने जमीन कशी सरकली, त्याचा नकाशा याच पद्धतीने निघाला. पण भूकंप मोठा, पूल केवढासा! त्यात हवेतली वाफ आणि वाढणारी झाडं फेज बिघडवतात. यावर तोड काढली मिलानच्या फेरेत्ती, प्राती आणि रोक्का यांनी. वर्षानुवर्षं सारखाच प्रतिध्वनी देणारे बिंदू, म्हणजे इमारतीचे कोपरे, खडक, लोखंडी कठडे, एवढेच निवडायचे आणि ढीगभर फोटोंमधून त्यांचाच माग काढायचा. 2001 च्या सुमारास ही पद्धत रुळली आणि पूल टप्प्यात आले.

आता खरी परीक्षा. 29 डिसेंबर 2015 ला इंग्लंडमधल्या टॅडकास्टरचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात अर्धवट कोसळला. पाण्याने खांबाखालचा तळ खरवडला होता. नंतर संशोधकांनी टेरासार-एक्सचे जुने फोटो काढून बघितले, तर पडलेल्या भागाजवळ आधीपासूनच हालचाल दिसली.

इटलीत जेनोवाचा मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 ला पडला, 43 माणसं गेली. तिथे मात्र वाद आहे. 2019 च्या एका अभ्यासाला आधीची हालचाल दिसली. दुसऱ्या गटाने तसाच डेटा तपासून म्हटलं, ठोस काही दिसत नाही. उन्हाने पूल रोजच फुगतो-आकसतो, त्यातून आजार वेगळा काढणं सोपं नाही.

आणि आपली सावित्री. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, महाडजवळचा 1928 चा दगडी पूल, पूर, दोन एसटी बस. मुंबई-गोवा रस्त्याने गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ती रात्र आठवते. उपग्रहाने हे टळलं असतं का? मला वाटतं, प्रामाणिक उत्तर असं: खांब आधीपासून हळूहळू खचत असता, तर खूण सापडू शकली असती. एका रात्रीत तळ वाहून गेला, तर नाही. दर 12 दिवसांनी येणारा उपग्रह त्या रात्रीचा पहारेकरी नाही.

मग उपयोग काय? रांग लावायचा. हजारो जुन्या पुलांपैकी आधी कुठे माणूस पाठवायचा, ते उपग्रह सुचवू शकतो. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोटाहून निसार गेला. नासा आणि इस्रोची दोन रडारं त्यावर आहेत. छोट्या पुलासाठी टेरासार-एक्ससारखी बारीक नजर लागते, पण आजूबाजूची जमीन खचतेय का, हे निसारही सांगेल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरवर अलर्ट लावतो. अलर्ट वाजला आणि कुणी उठलंच नाही, तर तो असून नसल्यासारखा. पुलाचंही तेच. लाल ठिपका दिसल्यावर पाण्यात उतरून पाया तपासणारा इंजिनियर हवा, आणि भर पावसात रस्ता बंद करायची हिंमत असलेला अधिकारी हवा. ते काम आकाशातून होत नाही.

भेटूया पुढच्या भागात!