वीरमातेचा सत्कार होतो, पण नाव कोण जपतं?

 

२६ जुलै आला की आपल्या अंबरनाथ-बदलापुरात चौकाचौकात बॅनर लागतात. कुठे वीरमातेला, कुठे वीरपित्याला स्टेजवर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो होतो. चांगलंच आहे ते. पण कार्यक्रम संपल्यावर ती माय घरी जाते, तिथून पुढे वर्षभर पोराचं नाव कोण घेतं? बहुतेक वेळा तीच. हे आजचं नाही, शंभर वर्षांपासून असंच चालत आलंय.

आधी आपल्या पायाखालची जमीन बघा. उल्हासनगरला आजही आपण कॅम्प म्हणतो. एक नंबर, दोन नंबर, असे पाच नंबरपर्यंत. हा शब्द निर्वासितांचा नाही, लष्कराचा आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता, दोन हजारांवर बराकी होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर नाव मिळालं. शेजारी अंबरनाथला ऑर्डनन्स. म्हणजे युद्ध आपल्याला परकं नाही. पण या कॅम्पातून पुढे गेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

आता थोडं मागे जाऊ. पहिलं महायुद्ध. आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, पुणे डिव्हिजन लढत होती. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या भागातली पोरं. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी त्यांना वेढलं. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. खायला उरलं नाही तेव्हा २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. कितीतरी जण नंतर कैदेत गेले.

त्या काळी मृतदेह गावी येत नसत. आईबापाला ना तोंड बघायला मिळे, ना अग्नी देता येई. मग उरतं काय? नाव. १९२९ मध्ये बसरा इथे मोठं स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून जास्त मृतांचं, त्यातले बहुसंख्य आपले हिंदुस्थानी. ब्रिटिश शिपायाचं नाव तिथे दगडात कोरलं गेलं. हिंदुस्थानी अंमलदारांची नावंही आली. पण साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. अमुक पलटणीचे इतके, असा नुसता आकडा! फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र हिंदुस्थानी शिपायांचीही नावं आहेत. ती युरोपची भूमी होती, तिथे जग बघायला येणार होतं.

यातली खरी टोचणारी गोष्ट पुढे आहे. ही स्मारकं बांधणाऱ्या आयोगावर रुडयार्ड किपलिंग होता. आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ साली जन्मलेला लेखक. त्याचा मुलगा जॉन, नजर कमजोर म्हणून भरतीत नाकारला गेला. बापाने लॉर्ड रॉबर्ट्सकडे वशिला लावून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातलं. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत जॉन गेला. अठरा पूर्ण होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. बाप जिवंत असेपर्यंत मृतदेह सापडला नाही. मग या बापाने काय केलं? मुलाच्या पलटणीचा दोन खंडांचा इतिहास लिहिला आणि आयोगाच्या कामात स्वतःला जुंपून घेतलं. यांची नावं कायम राहतील, या अर्थाची ओळ स्मारकांसाठी त्यानेच बायबलमधून निवडली. आणि त्याच आयोगाने बसऱ्याला आपल्या पोरांची नावं गाळली. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला, माफीही मागितली. पण तोवर ती आई आणि तो बाप कधीच निघून गेले होते.

स्वतंत्र भारतातही आईबापाला निरोप लगेच मिळाला नाही. १९६२, १९६५, १९७१ मध्ये बहुतेक जवानांवर सीमेजवळच अंत्यसंस्कार झाले. मृतदेह घरी पाठवायची पद्धत खऱ्या अर्थाने रुळली ती १९९९ च्या कारगिलपासून.

आता एक जवळचं उदाहरण. विलेपार्ल्याला कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल आहे. आपल्यातले कितीतरी जण कामानिमित्त त्यावरून जात असतील. सप्टेंबर १९९५ मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्यात विनायक गोरे हुतात्मा झाले. पुलाला नाव मिळालं, खरं तर तिथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्यांच्या आई अनुराधाताई गोरे तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी सैनिकांवर पुस्तकं लिहिली. ‘वारस होऊ अभिमन्यूचे’, ‘ओळख सियाचेनची’ ही त्यातली. आपला मुलगा गेला म्हणून त्या दुसऱ्यांच्या मुलांबद्दल लिहीत राहिल्या. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. दुःख एका घराचं असतं, पण आठवण एकट्या घराने किती दिवस ओढायची?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण तिथल्या स्तंभाने ठेवली. गाव छोटं, पण पिढ्या गेल्या तरी हिशेब पक्का. बदलापुरात आज सातारचे, कोकणातले, खानदेशातले लोक राहतात. आपली मुळं त्या गावांत, पण पोरं इथे वाढतायत. पणजोबा कुठल्या पलटणीत होते, ते परत आले की नाही, हे सांगणारी शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून एकच विनंती. या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. नाव, गाव, पलटण, साल, जेवढं आठवेल तेवढं वहीत लिहा. महायुद्धातलं नाव असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या ऑनलाइन यादीत फुकट शोधता येतं. स्पेलिंग चुकलेलं असू शकतं, दोन-तीन प्रकारे टाकून बघा. आणि आपल्या नगरपालिका-महापालिकांनी बॅनरच्या खर्चातला थोडा पैसा बाजूला काढून शहरातल्या हुतात्म्यांची नावं वाचनालयाच्या दारात लावावीत. फोटो नेत्यांचे नकोत, नुसती नावं पुरेत. स्टेजवर बसलेल्या त्या आईला शालीपेक्षा तिच्या पोराचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं, तर ते जास्त हवं असेल.