स्पॅनिशच्या पहिल्या वर्गाचे नियम

शाळेच्या नियमांची यादी हें इतिहासाचें साधन होऊं शकतें, असें म्हटलें तर पुष्कळांस तें चमत्कारिक वाटेल. ताम्रपट, बखरी आणि दरबारी पत्रें यांवर पोसलेल्या आपल्या इतिहासप्रेमास मास्तरांचें फर्मान क्षुल्लक वाटावें, यांत नवल नाहीं. परंतु समाज आपल्या मुलांना काय शिकवूं इच्छितो, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय विसरावयास लावूं इच्छितो, हें अशा कागदावरून जितकें कळतें तितकें मोठमोठ्या तहनाम्यांवरूनहि कळत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांत भरणाऱ्या स्पॅनिशच्या पहिल्या वर्गाचे नियम हें याचें एक उत्तम उदाहरण आहे.

या वर्गांत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभींच बहुधा एक छापील कागद मिळतो, व घरीं नेऊन त्यावर पालकांची सही आणावयाची असते. रोज वही आणावी. गृहपाठ वेळेवर द्यावा. वर्गांत शक्य तेवढें स्पॅनिशच बोलावें. चुकण्यास भिऊं नये. भाषांतरयंत्राकडून लिहून घेतल्यास ती लबाडी समजली जाईल. तोंडी कामाला स्वतंत्र गुण आहेत. अशा कागदांवर सह्या करणाऱ्या आईबापांत आतां तेथें स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि आहेत. वरवर पाहतां हे नियम म्हणजे साधें व्यवहारज्ञान वाटतें. पण त्यांतील एकेक नियम निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या हेतूनें जन्मास आला आहे. आणि एका नियमाच्या पाठीमागें तर लहान मुलांचे अश्रु आहेत.

परकीयांना स्पॅनिश शिकविण्याचा विचार फार जुना आहे. आंतोनियो दे नेब्रिहा या पंडितानें सन १४९२ मध्यें सालामांका येथें कॅस्टिलियन भाषेचें व्याकरण छापलें. त्याच वर्षीं ग्रानाडा पडलें आणि कोलंबस पश्चिमेकडे निघाला. या व्याकरणाचे पांच भाग असून पांचवा भाग ज्यांची मातृभाषा वेगळी आहे अशा शिकाऊंसाठींच लिहिलेला आहे. त्यांत मुख्यतः नामांचीं व क्रियापदांचीं रूपें दिलीं आहेत. म्हणजे पहिल्या वर्गाचें पहिलें पुस्तक हेंच म्हटलें तरी चालेल. ग्रंथ इसाबेला राणीस अर्पण करतांना नेब्रिहानें भाषा ही साम्राज्याची सोबतीण असल्याचा सिद्धांत मांडला. जिंकलेल्यांना जेत्याचे कायदे समजावेत, तर त्याची भाषा त्यांना आली पाहिजे, हा त्याचा रोख. भाषा कोणी कोणास कशासाठीं शिकवावी, या प्रश्नाचें हें पहिलें उत्तर. आणि तें सत्तेचें उत्तर होतें.

अमेरिकेंतील उत्तर आरंभीं निराळें होतें. टॉमस जेफर्सन यानें सन १७८७ मध्यें आपल्या भाच्यास लिहिलेल्या पत्रांत स्पॅनिश शिकण्याचा आग्रह केला. शेजारच्या स्पॅनिश मुलखांशीं पुढें आपला संबंध येणार आणि अमेरिकेचा जुना इतिहास त्याच भाषेंत लिहिलेला आहे, हीं त्याचीं कारणें. पुढें हार्वर्ड येथें फ्रेंच व स्पॅनिश यांसाठीं एक अध्यासन स्थापन झालें, तेथें सन १८१९ मध्यें जॉर्ज टिकनर रुजू झाला आणि त्याच्यामागून कवि लाँगफेलो आला. टिकनरनें सन १८४९ मध्यें स्पॅनिश वाङ्मयाचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. या मंडळींच्या दृष्टीनें स्पॅनिश ही सर्व्हांटीसची भाषा होती. ती वाचावयाची, तिचें भाषांतर करावयाचें; बाजारांत बोलावयाची नव्हे. हायस्कुलांत तर तिला फारसें स्थानच नव्हतें. तेथें लॅटिनचें राज्य होतें, आणि अर्वाचीन भाषांत जर्मन अग्रेसर होती. रूपें घोकावीं, नियम म्हणून दाखवावे, उतारा उलगडावा, हीच त्या काळच्या भाषावर्गाची शिस्त.

मग पहिलें महायुद्ध आलें. सन १९१५ मध्यें अमेरिकन हायस्कुलांतील शेंकडा सुमारें २४ विद्यार्थी जर्मन शिकत होते, तर स्पॅनिश शिकणारे शेंकडा ३ देखील नव्हते. सन १९२२ मध्यें जर्मन शेंकडा १ च्याहि खालीं गेली आणि स्पॅनिश शेंकडा ११ वर आली. सात वर्षांत झालेली ही उलथापालथ व्याकरणाच्या गुणावगुणांनीं झाली नाहीं. ती शत्रूच्या भाषेविषयींच्या द्वेषानें झाली. शिवाय सन १९१४ मध्यें पनामाचा कालवा खुला झाला होता आणि दक्षिण अमेरिकेच्या व्यापाराचीं स्वप्नें पडूं लागलीं होतीं. सन १९१७ मध्यें स्पॅनिशच्या शिक्षकांनीं आपली स्वतंत्र संस्था काढली.

द्वेष एकदां कायद्याच्या पुस्तकांत शिरला म्हणजे तो एकाच भाषेवर थांबत नाहीं. नेब्रास्का संस्थानानें सन १९१९ मध्यें असा कायदा केला कीं, आठवी इयत्ता उत्तीर्ण होईपर्यंत कोणत्याहि मुलास इंग्रजीखेरीज दुसरी अर्वाचीन भाषा शिकवूं नये. रॉबर्ट मेयर नांवाच्या शिक्षकानें दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचावयास शिकविलें म्हणून त्यास २५ डॉलर दंड झाला. सन १९२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा रद्द ठरविला. परंतु त्या कायद्याच्या मुळाशीं असलेली समजूत मात्र टिकली. परभाषा ही मोठ्या मुलांनीं मर्यादित प्रमाणांत घ्यावयाची वस्तु आहे. कोवळ्या वयांत तिचा संसर्ग बरा नव्हे, अशी ती समजूत होती. ज्या वयांत भाषा सहज जिभेवर बसते तें वय उलटून गेल्यावर बहुतेक अमेरिकन मुलांचा पहिला वर्ग सुरू होतो, त्याचीं कारणें अनेक असलीं तरी त्यांत या समजुतीचाहि वांटा आहे.

वर्ग भरले, पण त्यांतून निष्पन्न काय व्हावें? सन १९२९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कोलमन यांच्या अहवालानें रोखठोक सांगितलें कीं, बहुसंख्य विद्यार्थी दोनच वर्षें भाषा शिकतात. तेवढ्या अवधींत बोलणें साधणार नाहीं, म्हणून वाचनाचें ध्येय ठेवावें. अनेकांस हा पराभव वाटला. पण वेळ किती आहे हें पाहून अपेक्षा ठरविण्याचा प्रामाणिकपणा त्यांत होता. दुसऱ्या महायुद्धानें तो विचार मागें टाकला. सन १९४३ पासून सैन्यानें लहान लहान तुकड्या करून, आठवड्यास पंधरा पंधरा तास, ती भाषा जन्मतः बोलणाऱ्यांच्या सहवासांत शिपायांकडून बोलण्याचा सराव करून घेतला. पुढें सन १९५७ मध्यें रशियाचा कृत्रिम उपग्रह आकाशांत फिरूं लागल्यावर अमेरिकेला आपल्या शिक्षणाची लाज वाटली, आणि सन १९५८ च्या कायद्यानें भाषाशिक्षणाकडे सरकारी पैसा वळला. शाळाशाळांतून ध्वनिमुद्रित फितींच्या खोल्या उभ्या राहिल्या. आतां नियम असा झाला कीं, आरंभींचे कांहीं आठवडे पुस्तक उघडावयाचेंच नाहीं. संवाद ऐकावे, पाठ करावे, चूक तत्काळ दुरुस्त व्हावी. सैन्यांतील कवाईत अशा रीतीनें वर्गांत आली. मात्र शिपायाला मिळालेले पंधरा तास हायस्कुलाच्या मुलाला मिळाले नाहींत. त्याच्या वांट्यास कवाईत तेवढी आली.

या कवाइतीविरुद्ध प्रतिक्रिया होणें क्रमप्राप्तच होतें. कॅलिफोर्नियांत स्पॅनिश शिकविणारे ट्रेसी टेरेल यांनीं, आणि त्यांच्यासमवेत स्टीफन क्रॅशन यांनीं, सन १९८३ च्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, शिकाऊ मुलास आधीं भरपूर ऐकूं द्यावें, त्याला बोलण्याची घाई करूं नये, आणि भीति हा भाषेचा मोठा शत्रु समजावा. ‘चुकण्यास भिऊं नये’ या आजच्या नियमांत हाच विचार आहे. सन २०१० मध्यें भाषाशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेनें वर्गांतील शेंकडा ९० किंवा अधिक व्यवहार शिकावयाच्या भाषेंतच व्हावा अशी शिफारस केली. ‘येथें स्पॅनिशच बोला’ या सूचनेमागें आज हीच शिफारस उभी आहे.

आतां ज्या नियमाचा आरंभीं उल्लेख केला, त्याकडे वळूं. ‘येथें स्पॅनिश बोला’ असें सांगणाऱ्या या देशांत, त्याच काळांत, ‘येथें स्पॅनिश बोलूं नका’ असा दुसरा नियम होता. नैऋत्येकडील संस्थानांत स्पॅनिश ही परदेशांतून आलेली भाषा नव्हेच. फ्लोरिडांत सेंट ऑगस्टीन हें स्पॅनिश ठाणें सन १५६५ मध्यें वसलें. इंग्रजांचें जेम्सटाउन त्यानंतर बेचाळीस वर्षांनीं. मेक्सिकोशीं झालेल्या सन १८४८ च्या तहानें विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे आला, आणि त्याबरोबर तेथील स्पॅनिश बोलणारीं घरेंहि आलीं. त्या घरांतील मुलें शाळेंत आलीं तेव्हां त्यांची भाषा हा अपराध ठरला. टेक्सासनें सन १९१८ मध्यें शिक्षकांनीं इंग्रजीखेरीज अन्य भाषेंतून शिकविणें दंडनीय केलें. मैदानांत स्पॅनिश शब्द उच्चारल्याबद्दल मुलांना छड्या बसत, सुटीनंतर डांबून ठेवीत.

टेक्सासमधील मार्फा या गांवीं मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठीं ब्लॅकवेल नांवाची वेगळी शाळा होती. सन १९५४ मध्यें तेथें एक विलक्षण समारंभ झाला. मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या, त्या पेटींत घातल्या, आणि शाळेच्या ध्वजस्तंभाजवळ ‘स्पॅनिशराव’ यांचें दफन करण्यांत आलें. आपल्या आजीच्या भाषेची माती आपल्याच हातांनीं लोटावयाची, हा त्या दिवशींचा पाठ होता! भाषा पुरण्याचे प्रयत्न जगांत नवे नाहींत. गोव्यांत पोर्तुगीज सत्तेनें सन १६८४ मध्यें लोकांनीं तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. तीच कोंकणी सन १९८७ मध्यें गोव्याची राजभाषा झाली. पण गोव्यांत निदान हेतु तरी सरळ होता. अमेरिकेंत इंग्रजी घरांतील मुलानें तीच स्पॅनिश हायस्कुलांत अडखळत बोलली तर त्यास गुण मिळत, आणि मेक्सिकन मुलानें ती अस्खलित बोलली तर त्यास मार मिळे. भाषा एकच, बोलणारा कोण, यावर बक्षीस कीं शिक्षा हें ठरे.

सन १९६८ च्या मार्च महिन्यांत लॉस एंजेलिसच्या पूर्व भागांतील हजारों विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर आले. स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होऊं नये, ही त्यांच्या मागण्यांपैकीं एक होती. त्याच वर्षीं द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला, आणि पुढील वर्षीं टेक्सासनेंहि आपला जुना निर्बंध सैल केला. हळूहळू घरीं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठीं निराळे वर्ग निघाले. कारण ज्याला बोलतां येतें पण लिहितां येत नाहीं, त्याला पुन्हां वारांचीं नांवें घोकावयास लावणें हाहि त्याचा एक प्रकारें अपमानच आहे. सन २००७ मध्यें ब्लॅकवेलच्या माजी विद्यार्थ्यांनीं ‘स्पॅनिशरावां’ना समारंभपूर्वक थडग्यांतून वर काढलें. आज ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केली जात आहे.

अमेरिकेंत घरीं स्पॅनिश बोलणारे लोक आतां चार कोटींहून अधिक आहेत, आणि शाळेंत परभाषा शिकणाऱ्या दहा मुलांपैकीं सुमारें सात स्पॅनिश शिकतात. तरीहि तिची गणना ‘परकीय भाषा’ म्हणूनच होत आली, यांतील विनोद कडू आहे.

या इतिहासावरून पाहतां त्या छापील कागदांत उणीव एकच दिसते. विद्यार्थ्यानें काय करावें हें तो सांगतो. विद्यार्थी घरून काय घेऊन आला आहे हें मात्र तो सहसा विचारीत नाहीं. मराठी घरांतील मुलाचेंच पाहा. इंग्रजी मुलाला ‘मे गुस्ता एल लिब्रो’ हें वाक्य उलटें वाटतें. मराठी मुलाला मात्र त्यांत ‘मला पुस्तक आवडतें’ हीच सरळ घडण दिसते. निर्जीव वस्तूंना लिंग असतें याचें त्याला नवल नाहीं. वडीलधाऱ्यांशीं बोलतांना सर्वनाम बदलावें लागतें, हें तर तो आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. ही शिदोरी त्याच्यापाशीं आहे, हें ना त्याच्या शिक्षकाला ठाऊक असतें, ना पुष्कळदां त्याच्या आईबापांना. उलट नवी भाषा चांगली यावी म्हणून घरांतली भाषा आवरती घेणारे सुशिक्षित पालक आपण पाहतोंच. त्यांनीं ध्वजस्तंभाजवळच्या त्या खड्ड्याचें स्मरण ठेवावें. तेथें चिठ्ठ्या शिक्षकांनीं टाकविल्या; आपल्या घरीं त्या आपण स्वखुशीनें टाकतों, एवढाच काय तो फरक.

गृहपाठ, वही, उपस्थिति हे नियम अवश्य असावेत. शिस्तीवांचून कोणतीहि भाषा येत नाहीं. परंतु पहिल्या वर्गाच्या पहिल्या दिवशीं शिक्षकानें पहिला प्रश्न, ‘बाळ, तुझ्या घरीं काय बोलतात?’ असा विचारावा, आणि येणारें उत्तर आदरानें ऐकून घ्यावें. बाकीचे नियम त्यानंतर सांगितले तरी पुरेसें आहे.