होमपेजवरचा अजिंठा

जळगावच्या एका वेबसाइटच्या होमपेजवर मी अजिंठ्याचा फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत लावला आणि रॉबर्ट गिल आठवला.

मद्रास आर्मीचा हा अधिकारी. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले. तिथल्या लोकांसाठी अजिंठ्याचं होमपेजच ते!

१८६६ च्या आगीत बहुतेक कॅनव्हास जळाले. बॅकअप नव्हता. इकडे भिंतीवरची मूळ चित्रंही झिजतच होती. गिल पुन्हा रंग घेऊन बसला. १८७९ मध्ये तो गेला. कबर आपल्या भुसावळला आहे.

फोनवर पटकन उघडावा म्हणून मी फोटो हलका करतो. मूळ फाइल मात्र दोन ठिकाणी ठेवतो.