दिवाळ्यानंतरची ठेव

दिवाळें या शब्दाचा संबंध दिव्याशीं जोडण्याची चाल आहे. व्यापार बुडालेला पेढीवाला भर दिवसा दिवा लावून आपली असमर्थता जाहीर करी, असें सांगतात. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, दिवा एक दिवस जळे आणि अप्रतिष्ठा जन्मभर पुरे, एवढें मात्र खरें. अशा मनुष्यास पुन्हां कर्ज कोण देईल, याची चर्चा पुष्कळ होते. पण त्यानें नव्यानें मिळविलेला पैसा कोठें ठेवावा, इकडे लक्ष कमी जातें. आमच्या मतें दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कर्जदाराच्या रक्षणाचे प्रयत्न आमच्याकडे जुनेच आहेत. एका वेळीं वसूल होणारें व्याज मुदलाहून अधिक होऊं नये, असा दामदुपटीचा नियम होता. तरीही 1875 सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतरच्या 1879 च्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकण्याची रीत बंद केली. परंतु त्या कायद्याची दृष्टि नांगराकडे होती. ज्याचें शेत म्हणजे समुद्र, त्याला त्यांत स्थान नव्हतें.

असें समुद्रावर जगणारें एक गांव म्हणजे पालघरच्या पश्चिमेचें, पापलेटासाठीं नांवाजलेलें सातपाटी. मासेमारींत होडी, जाळें, बर्फ व इंधन यांचा खर्च आधीं येतो आणि मासळी मागाहून येते. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर असतात, घरखर्च मात्र थांबत नाहीं. मग व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घ्यावयाचे आणि मासळी त्यालाच, त्याच्याच भावानें द्यावयाची. किनाऱ्यावरचें दिवाळें बहुधा कोर्टाची पायरी चढत नाहीं. होडी विकली जाते, आणि कालचा नाखवा आज दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होतो.

जो कोर्टाची पायरी चढतो त्याच्यासाठीं मुंबई शहरांत 1909 चा व इतरत्र 1920 चा नादारीचा कायदा झाला. 2016 च्या संहितेंतील व्यक्तींविषयींचा भाग बहुतांशीं अंमलांत न आल्यामुळें सामान्य माणसाची वाट अद्याप याच कायद्यांतून जाते. 1920 च्या कायद्याप्रमाणें नादार ठरल्यापासून मुक्ततेचा हुकूम मिळेपर्यंत मिळविलेली मालमत्ताही धनकोंसाठीं कोर्टाकडे वा रिसीव्हरकडे जाते. आपली स्थिति न सांगतां पन्नास रुपये वा अधिक उधार घेणें हा त्यांत गुन्हा आहे. म्हणून निर्वेध संचयाचा आरंभ मुक्ततेनंतरच होतो. परंतु ठेव म्हणजे उधारी नव्हे. पैसे ठेवणारास पत सिद्ध करावी लागत नाहीं.

हें तत्त्व टपालखात्यानें आमच्या खेड्यापाड्यांत पोंचविलें. 1882 सालीं पोस्टाची बचत बँक सुरू झाली, आणि गरिबाच्या चार रुपयांस सरकारची हमी मिळाली. पुढें 1904 च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांस वाट मोकळी केली. सातपाटींत मच्छिमारांच्या दोन सहकारी संस्था उभ्या राहिल्या. मासळी संस्थेमार्फत विकावी आणि विक्रींतूनच कर्जाचा हप्ता वळता करावा, हें मच्छिमार सहकाराचें सूत्र. त्याच हिशेबांतून थोडी ठेवही बाजूस पडली, तर पुढच्या पावसाळ्यांत आगाऊ पैशांची गरज तेवढी कमी होते.

आतां व्याजाविषयीं. 1913 सालीं मुंबईंत इंडियन स्पेसी बँक बुडाली, आणि बँकेचा डौल म्हणजे ठेवीची शाश्वती नव्हे, हें ठेवीदारांस कळून चुकलें. 2011 च्या ऑक्टोबरपासून बचतीचा व्याजदर ठरविण्याची मोकळीक बँकांस मिळाली. त्यामुळें कांहीं ठिकाणीं दर बराच चढा दिसतो. 2020 पासून एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या पांच लाखांपर्यंतच्या ठेवींस विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींस तें नाहीं. चढ्या दराकडे पाहण्यापूर्वीं एवढा भेद पाहावा.

आकाराचीही तीच गोष्ट आहे. 2012 पासून प्रत्येक बँकेनें मूलभूत बचत खातें द्यावें, त्यास किमान शिलकेची अट नसावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पोस्टाच्या साध्या खात्यांत मात्र शिल्लक पांचशें रुपयांखालीं राहिल्यास वर्षअखेर कांहीं रक्कम कापली जाते. हजार रुपयांवर शेंकडा एक अधिक व्याज मिळालें तर वर्षाला दहा रुपये वाढतात. एका दंडांत ते सहज जातात. शिवाय ज्या बँकेचें जुनें देणें राहिलें असेल, तेथें हें खातें काढूं नये. ठेव त्या देण्याकडे वळती करून घेण्याचा हक्क बँकेस असतो.

सारांश, बुडालेल्या मनुष्यानें आधीं सुरक्षितता पाहावी, मग आकार, आणि व्याज शेवटीं. दर महिन्याची छोटी जमा हीच त्याच्या पुढील पतीची पहिली साक्ष होय. नारळी पौर्णिमेस होडी लोटतांना ज्याच्या खात्यांत बर्फाचे व इंधनाचे पैसे स्वतःचे असतील, त्याची मासळी त्याच्याच भावानें विकली जाईल.