धूळपाटी, तख्ती आणि जस्त

बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात संतपूर म्हणून जे गाव आहे, तेथे पहाटेचा सडा अजून ओला असतानाच ज्या बायांची चिमूट शिरगोळ्याच्या पुडीत बुडते, त्यांना चित्रकार म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आणि तरीही वर्षाच्या तीनशे पासष्ट सकाळी, सोयरसुतकाचे दिवस काय ते वगळून, जमिनीवर ठिपके मांडून त्यांच्यामधून रेषा वळवण्याचा जो परिपाठ त्या करतात, तितका नियमित सराव मोठमोठ्या कलाशाळांतील विद्यार्थ्यांच्या हातूनही क्वचितच घडत असेल. रांगोळीची पूड फार चहाडखोर असते. अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून ती सारखी झरत असते; हात चालता असेल तर रेष केसासारखी बारीक पडते, आणि हात क्षणभर थबकला, पुढे कोठे वळावे याचा विचार करू लागला, की नेमक्या त्या ठिकाणी पुडीची गाठ साचते. माझी आजी नव्या सुनांची रांगोळी पाहताना आकृतीकडे पाहतच नसे. ती या गाठी मोजी. संध्याकाळपर्यंत बैलांच्या खुरांनी आणि पोरांच्या पायांनी ती रांगोळी, तिच्या गाठींसकट, नाहीशी झालेली असे, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे.

या मुलखातील हस्तकौशल्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण येथूनच सुरू होते. इमारती आहेत, शिलालेख आहेत, सनदा आणि फर्माने आहेत, संग्रहालयांच्या कपाटांत सुरया आणि हुक्के आहेत. परंतु ज्या अगणित दिवसांच्या गिरवण्यातून हे सारे करणारा हात सिद्ध झाला, त्या दिवसांची रोजकीर्द कोणी ठेवलेली नाही. ती ठेवण्याजोगी वस्तू आहे असे कोणाला वाटलेच नाही.

‘गिरवणे’ हा शब्द आता आपण थोड्या तुच्छतेने वापरतो. दुसऱ्याचा कित्ता गिरवणारा म्हणजे स्वतःची अक्कल नसलेला, असा त्याचा अर्थ होऊन बसला आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मात्र त्याचा अर्थ अगदी शारीरिक होता. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजीने टोकदार काडीने ओनामा काढून द्यायचा, आणि मुलाने त्याच चरातून आपले बोट किंवा काडी पुन्हा पुन्हा फिरवायची. अक्षर पुरते मोडले की पाटी हलवून धूळ सारखी करायची आणि पुन्हा आरंभ. धुळाक्षरे बसल्यावर बोरू आणि कागद हाती येई, आणि मग मोडीचा कित्ता. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे, हात शक्य तितका न उचलता, एकामागून एक लोंबती ठेवीत जातो. येथेही चहाडी करणारा पदार्थ होताच: बोरू थांबला की शाई पसरे. पटवाऱ्याच्या दप्तरातले एखादे जुने पान उजेडाकडे धरून पाहिले, तर लिहिणारा मुरलेला होता की उमेदवार होता, हे मजकूर न वाचताही सांगता येते.

निजामाच्या अमलात, म्हणजे 1948 च्या सप्टेंबरापर्यंत, या भागातल्या मराठी मुलाच्या वाट्याला आणखी एक पाटी येई. 1884 साली हैदराबाद संस्थानच्या कारभारात फार्सीच्या जागी उर्दू आली, आणि ज्याला तहसिलीत किंवा अदालतीत हुद्दा मिळवायचा होता त्याला उर्दूचे वळण गिरवणे प्राप्त झाले. त्यासाठी तख्ती असे. लाकडाच्या फळीला मातीचा पातळ लेप द्यायचा, उन्हात वाळवायचा, त्यावर बोरूने अक्षरे काढायची, आणि दुसऱ्या दिवशी ती धुऊन पुन्हा लेप. या सरावाला ‘मश्क’ म्हणतात. मश्कीचे गणित मोठे मनोहर आहे. बोरूचे तासलेले टोक कागदावर टेकवले की चौकटच्या पानासारखा जो ठिपका उमटतो, त्या ठिपक्याने, म्हणजे नुक्त्याने, प्रत्येक अक्षराची उंची, रुंदी आणि पोटाची खोली मोजायची. अलिफ इतक्या नुक्त्यांचा, बे इतक्या नुक्त्यांची. माप बाहेरच्या पट्टीचे नव्हे, ज्याच्या त्याच्या लेखणीचे. संतपूरच्या अंगणात अकरा ठिपक्यांपासून एका ठिपक्यापर्यंत उतरत जाणारी रांगोळी आणि खुशनविसाची, म्हणजे सुलेखनकाराची, नुक्त्यांची उतरंड यांचा एकमेकींशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण दोन्ही घरांतली मुले एकाच ओढ्यावर पोहली आहेत, इतके खरे.

इराणात आणि हिंदुस्थानात थोर खुशनविसांच्या मश्कीचे कागद पुढे संग्राह्य ठरले. एकाच कागदावर, उभे, आडवे, उलटे, अक्षरावर अक्षर चढवीत कागद काळा होईपर्यंत लिहिलेल्या या पानांना ‘सियाह मश्क’ म्हणजे काळी मश्क असे नावच पडले. सरावाचे कागद जपून ठेवण्याचे भाग्य लाभलेली ही एक कला. आणि तेसुद्धा उस्तादांच्या बाबतीत. तख्ती धुणाऱ्या पोरांचे काही उरले नाही.

बीदर शहरात या सर्व मश्कीचे फळ भिंतींवर पाहावयास मिळते. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी गुलबर्ग्याहून येथे हलवली. 1436 साली तो निवर्तला, आणि अष्टूर येथील त्याच्या मकबऱ्याचा घुमट आतून सोने आणि हिंगुळ यांच्या वेलबुट्टीने आणि अक्षरांनी असा भरून काढला आहे की मान मोडेपर्यंत वर पाहत राहावे. वजीर महमूद गावान याचा मदरसा 1472 सालचा. त्याच्या दर्शनी भागावरची निळी, पांढरी आणि पिवळी कौलकामाची अक्षरे, 1696 साली दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा हिस्सा उडवून लावला तरी, उरलेल्या भागावर अजून झळकतात. तेथे पाहण्याजोगी गोष्ट अशी की, जे अक्षर कागदावर बोरूच्या एका झोताने निघते ते येथे कापलेल्या तुकड्यांतून रचलेले आहे. आणि तरी तो झोत हरवलेला नाही.

आता बिदरी. हा धंदा ज्याने जवळून पाहिला नाही त्याला काळ्या भांड्यावरची रुपेरी वेल तेवढी दिसते. जस्तात थोडे तांबे, साधारण सोळा भागांस एक, घालून ओतकाम होते, भांडे कानशीने साफ होते, आणि मग त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो. हे काळे खरे बिदरीचे काळे नव्हे. ही केवळ पाटी आहे. कारागीर भांडे मांडीशी घेतो आणि पोलादी सुईने त्यावर सरळ चित्र ओढू लागतो. खाका नाही, छाप नाही, पेन्सिल नाही. सुरईच्या गळ्याशी निमुळती होणारी आणि पोटावर पसरणारी वेल, गोलाईवरून फिरत येऊन आपल्याच आरंभाला बिनचूक मिळते. सुई जेथून जाते तेथे काळ्यावर पांढरी रेघ उमटते. मग त्या रेघेवरून बारीक कलमांनी खोदाई, खोदलेल्या चरात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवणे, मग घासणे. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून भांड्याला चोळली की जस्त कायमचे काळे होते आणि चांदी तशीच शुभ्र राहते.

एका कारखान्यात मी एकदा दुपारभर बसलो होतो. उस्तादाच्या शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर तेच एक पान काढीत होता. आठ-दहा पाने झाली की तो मोरचुदाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी फिरवी, पाने मिटत, आणि तुकडा पुन्हा कोरा, म्हणजे काळा होई. उस्ताद त्याच्याकडे बघतही नव्हते. केवळ सुईचा आवाज ऐकत असावेत, कारण आवाज तुटला की ते न बघताच “हूं” म्हणत. आजीच्या गाठी मला तेथे आठवल्या. तो पत्रा पुढे केव्हातरी मुशीत गेला असेल आणि त्याचे एखादे फूलपात्र झाले असेल. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी भांडी मांडली गेली आणि तिकडच्या जाणत्यांनी ती वाखाणली. तेथवर भांडी पोहोचली, तुकडे येथेच वितळले.

त्याच सुमारास मुंबईत सरावाची एक निराळीच रीत अवतरत होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून 1857 साली जी कलाशाळा उघडली, तिच्यात विलायतेहून आलेल्या प्लास्टरच्या मूर्ती पुढे ठेवून विद्यार्थ्याने छायाप्रकाशाचे एकच रेखाटन दिवसचे दिवस घोटीत बसावे, असा प्रघात पडला. आपल्याकडे एक पान शंभरदा काढून पुसायचे. तिकडे एकच डोके शंभर बैठकांत पुरे करायचे. मला या पद्धतीविषयी, तिच्या थोर विद्यार्थ्यांचा आदर राखूनही, एक तक्रार आहे: तिने डोळा शिकवला, पण हाताला थांबायची सवय लावली. 1890 पासून एकेचाळीस वर्षे त्या शाळेत घालवलेल्या चित्रकार धुरंधरांची शीघ्ररेखाटने पाहिली की हा माणूस शाळेबाहेर, रस्त्यावर आणि बाजारात, पुष्कळ गिरवीत असला पाहिजे अशी खात्री पटते.

कागद जपणाऱ्या या शाळेच्या नशिबीही पुसणे आलेच. निजामाच्या मुलखातल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी शाळेचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपले विद्यार्थी घेऊन जात. पुढील तेरा वर्षांत हंगामामागून हंगाम वटवाघळांच्या दर्पात बसून त्या पोरांनी केलेल्या नकलांपैकी शंभरावर 1885 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत जळाल्या. त्यापूर्वी मेजर गिल यांच्या नकलाही, जवळजवळ सर्व, 1866 साली क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. पण हात जळत नाही. 1909 च्या हंगामात इंग्रज चित्रकर्त्या लेडी हेरिंगहॅम पुन्हा नकला करण्यास आल्या, तेव्हा कलकत्त्याच्या नंदलाल बोस प्रभृतींबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि फजलुद्दीन हेही होते. आणि बाकीचे परत गेले तरी सय्यद अहमद पुढेही अजिंठ्याच्या सेवेत राहून तीच चित्रे गिरवीत राहिले.

याच मुलखातले, गुलबर्ग्याचे चित्रकार सांबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म 1916 चा. गावाकडून मद्रास, तेथून मुंबईला दंडवतीमठांचे नूतन कलामंदिर आणि जे. जे., असा त्यांचा प्रवास झाला. ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठे, सिनेमाची भित्तिपत्रके आणि घरोघरी टांगलेल्या कॅलेंडरांतले देव यांमुळे त्यांचे चित्र ज्याने पाहिले नाही असे घर एके काळी या भागात शोधावे लागले असते. उच्चभ्रू समीक्षक त्यांना बाजारू म्हणत. परंतु त्यांच्या एखाद्या राधेच्या पदराची किनार जवळून पाहावी: चकाकता रंग एका ओढीत खांद्यापासून कमरेपर्यंत आलेला असतो, आणि त्यात गाठ नसते.

1956 च्या नोव्हेंबरात बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि औराद म्हैसुरात गेला. उदगीरची मुले तेव्हापासून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात, आणि संतपूरची लोअर आणि हायरच्या. वस्तुचित्र आहे, संकल्पचित्र आहे, अक्षरलेखन आहे. नावे तेवढी निराळी. परीक्षेच्या आधीचे दोन महिने संतपूरची पोरे घरातला पितळी तांब्या स्टुलावर ठेवून काढीत बसतात. तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळी कड काढणे सर्वांत अवघड. पेन्सिल तेथे हटकून अडखळते. परवा अशाच एका घरी गेलो, तर मुलगा रबराने कागद फाटेपर्यंत खोडीत होता, आणि त्याची आई ओसरीवरून येता येता म्हणाली, “अरे, हात उचलू नको. गोल पुरा होऊ दे, मग बघ.” आणि तांब्या उचलून पाणी भरायला घेऊन गेली.